तार, ताण आणि रॉबर्ट हूक

सकाळी सातच्या सुमारास पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकातून भोसरी, चाकण, तळेगावच्या दिशेने कंपन्यांच्या बस आणि दुचाक्यांची रांग सुरू होते. एकेकाळचे हे नदीकाठचे शेतीचे गाव आता मोठ्या प्रमाणावर नोकरदारांचे उपनगर झाले आहे. या रांगेतली एखादी साधी मोटारसायकल घेतली, तरी तिच्यात कितीतरी स्प्रिंगा असतात. स्टँड वर धरून ठेवणारी, ब्रेकची, क्लचमधली, मागच्या शॉकअब्सॉर्बरवरची आणि डोळ्यांना कधीच न दिसणारी इंजिनातल्या व्हॉल्व्हची. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे तासाला १ लाख ८० हजार वेळा दबते आणि सुटते. ती तुटली की व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही, पिस्टन त्यावर आदळू शकतो आणि इंजिन खोलण्याची वेळ येते.

या स्प्रिंगांसाठी तार कोणती घ्यायची, हा प्रश्न भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान-मोठ्या कारखान्यांत रोज पडतो. त्याबद्दलचा एक समज फार पक्का आहे. वायर जितकी कडक, तितकी स्प्रिंग कडक. ऐकायला हे बरोबर वाटते, पण तसे नाही. स्प्रिंग किती दबेल हा एक प्रश्न आणि ती कुठवर टिकेल हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्याने शोधले, त्या रॉबर्ट हूकचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षा झाली की विसरतो.

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मूल इतके अशक्त, की ते जगेल याची घरच्यांना खात्री नव्हती. डोकेदुखीमुळे अभ्यास सुटला आणि पोराला मोकळे सोडून दिले गेले. मोकळा सुटलेला हा मुलगा यंत्रे करू लागला. पितळेचे एक जुने घड्याळ खोललेले त्याने पाहिले आणि तसेच लाकडाचे करून चालवून दाखवले. पुढे, सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याची पाठ वाकू लागली. लेथवर वाकून काम केल्याने असे झाले, असे त्याचे स्वतःचे मत होते. ते कारण आजचे डॉक्टर सहज मान्य करणार नाहीत, पण लेथवर उभे राहून आयुष्य काढलेल्यांना ते ओळखीचे वाटेल.

तेरा वर्षांचा असताना वडील गेले. वाट्याला आलेली थोडी रक्कम घेऊन मुलगा लंडनला गेला. पीटर लेली या नामांकित चित्रकाराकडे काही दिवस शिकला, पण रंगांच्या वासाने डोके दुखे. मग वेस्टमिन्स्टर शाळा आणि १६५३ च्या सुमारास ऑक्सफर्ड. तिथे रॉबर्ट बॉइल या श्रीमंत आणि अभ्यासू माणसाला प्रयोगासाठी मदतनीस हवा होता. हूकने त्याच्यासाठी हवा उपसणारा पंप बांधला. त्या पंपावर केलेल्या प्रयोगांचे पुस्तक बॉइलने १६६० मध्ये प्रसिद्ध केले, ते हवेच्या स्प्रिंगबद्दल होते. हवा दाबली की ती उलट दाबते, सोडली की पसरते, म्हणजे तीही एक प्रकारची स्प्रिंगच, ही कल्पना या दोघांना फार भावली होती. फुफ्फुसांविषयी बोलताना डॉक्टर आजही हीच भाषा वापरतात.

१६६२ मध्ये हूक लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोगांचा प्रमुख झाला. काम अवघड होते. दर बैठकीला सदस्यांसमोर तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे. पगार सुरुवातीला जवळपास नव्हताच. या धबडग्यात त्याने काय काय केले याची मोजदाद करणे कठीण आहे. १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या बुचाच्या कापातल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटले, तोच शब्द पुढे जीवशास्त्रात रुजला. १६६७ मध्ये त्याने कुत्र्याच्या श्वासनलिकेत भात्याने हवा भरत ठेवून दाखवले, की छातीची हालचाल थांबली तरी ताजी हवा मिळत राहिली तर प्राणी जगतो. श्वासोच्छ्वासात खरे काम हालचालीचे नसून हवेचे आहे, हे यातून स्पष्ट झाले. व्हेंटिलेटरच्या मागे हेच तत्त्व आहे. मात्र असाच प्रयोग त्याने आधी केला होता, तेव्हा त्या मुक्या जिवाचे हाल पाहून तो पुन्हा करायला त्याचे मन धजत नव्हते. १६६६ च्या आगीत लंडन जळाल्यावर शहराच्या मोजणीचे कामही त्याच्याकडे आले. मनोरुग्णांसाठीच्या बेथलेम रुग्णालयाची नवी इमारत त्यानेच आखली.

या सगळ्यात एक विषय त्याने कधी सोडला नाही, तो म्हणजे स्प्रिंग. कारण होते घड्याळ.

त्या काळी भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहे, हे कळायला खात्रीचा मार्ग नव्हता. बंदरातली वेळ दाखवणारे अचूक घड्याळ जवळ असेल तर स्थानिक वेळेशी तुलना करून रेखांश काढता येतो. पण घड्याळ एक मिनिट चुकले, की विषुववृत्तावर हिशेब सुमारे २८ किलोमीटरने चुकतो. एवढ्या अंतरात खडक असतो, किनारा असतो. १६५६ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचे घड्याळ काढले होते, पण डोलणाऱ्या जहाजावर लंबक काय कामाचा? लंबकाच्या जागी एक छोटे चाक ठेवावे आणि ते स्प्रिंगने मागेपुढे झुलवावे, ही कल्पना हूकला १६६० च्या आसपास सुचली. स्प्रिंगला वर-खाली, उभे-आडवे काही कळत नाही. ती जितकी पिळली जाईल तितक्याच जोराने परत फिरते.

कल्पनेचे पेटंट घेण्यासाठी बॉइलसह काही बड्या मंडळींशी बोलणी झाली. करारात एक कलम होते. यात पुढे कोणी सुधारणा केली, तर फायदा त्या सुधारणा करणाऱ्याला मिळेल. हूक बिथरला. आपली कल्पना उघड झाली, की कोणीही किरकोळ बदल करून तिचे पैसे खाईल, या भीतीने त्याने करार मोडला आणि कागद बासनात गुंडाळले. बहुधा ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत महाग पडलेली खबरदारी.

१६७५ च्या सुरुवातीला हायगेन्सने सर्पिल स्प्रिंगचे घड्याळ जाहीर केले. हूकचा संताप अनावर झाला. रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने आपले गुपित परदेशी कळवले, असा आरोप त्याने केला. घाईघाईने थॉमस टॉम्पियन या कुशल घड्याळजीकडून आपल्या पद्धतीचे घड्याळ करवून घेतले आणि दुसऱ्या चार्ल्स राजाला दाखवले. पण बाजारात नाव झाले ते हायगेन्सचे.

याच चडफडीतून पुढच्या वर्षी त्याने एका पुस्तकाच्या शेवटी १४ अक्षरांचे एक कोडे छापले. शोध आपला आहे हे नोंदवायचे, पण तो काय आहे हे सांगायचे नाही, अशी त्या काळची ही रीत. १६७८ मध्ये त्याने स्प्रिंगविषयीच्या व्याख्यानांत कोडे स्वतःच सोडवले. लॅटिनमधल्या त्या वाक्याचा आशय एवढाच, की जितका ताण तितके बळ.

त्यासाठी त्याने केलेले प्रयोग आजही दहावीच्या मुलाला करता येतील. २० ते ४० फूट लांबीची सरळ तार वर खिळ्याला बांधायची, खाली पारडे लावायचे, त्यात एकेक वजन टाकत जायचे आणि तार किती लांबली ते मोजायचे. मग गुंडाळलेल्या तारेची स्प्रिंग घ्यायची, मग घड्याळातली सर्पिल स्प्रिंग. प्रत्येक वेळी वजन दुप्पट केले की लांबी किंवा पीळही दुप्पट वाढतो. हे फक्त धातूंना नव्हे, तर लाकूड, दगड, केस, रेशीम, काच, इतकेच काय, हाडे आणि स्नायूबंधांनाही लागू आहे, असे त्याने लिहिले. हाडांच्या डॉक्टरांनी हूकला आपला मानावे तो यामुळे.

मात्र त्या नियमात दोन गोष्टी नव्हत्या. एक म्हणजे, ही सरळ रेषा कुठे संपते. तारेवर वजन वाढवत गेलो की एक वेळ अशी येते, की वजन काढले तरी तार पूर्ववत होत नाही. आपल्याकडे कारागीर म्हणतात, स्प्रिंग बसली. दुसरी गोष्ट, तारेच्या धातूचा यात काय वाटा आहे.

याचे उत्तर यायला शंभर वर्षे लागली. फ्रान्समध्ये कुलोमने १७८४ च्या आपल्या लेखात दाखवले, की पोलादाला पाणी दिलेले असो वा ते मऊ ठेवलेले असो, ठरावीक मर्यादेपर्यंत ते तेवढ्याच वजनाखाली तेवढेच वाकते. फरक पडतो तो मर्यादेत. पाणी दिलेले पोलाद बरेच जास्त वाकूनही परत येते, मऊ पोलाद लवकर शरण जाते. पुढे १८०७ मध्ये थॉमस यंग या लंडनच्या डॉक्टरने पदार्थाच्या या ताठरपणाला आकड्यात बांधायची वाट दाखवली. या विषयात वैद्यकातली माणसे वारंवार भेटतात.

वर्कशॉपमधला तो समज इथेच चुकतो. साध्या कार्बन पोलादाची तार घ्या किंवा महागड्या क्रोम-सिलिकॉन मिश्रपोलादाची, मोजमाप तेच ठेवले तर दोन्ही स्प्रिंगा एकाच वजनाखाली जवळपास सारख्याच दबतात. स्प्रिंग ताठ करायची तर वायरची जाडी, गुंडाळीचा व्यास किंवा वेढ्यांची संख्या बदलावी लागते. जाडीचा परिणाम तर चौथ्या घाताने होतो. २ मिलिमीटरच्या जागी २.१ ची तार आली, तर स्प्रिंग सुमारे २१ टक्क्यांनी ताठ होते. स्टेनलेस स्टील मात्र फसवते. गंजू नये म्हणून त्याच मापाची स्टेनलेस तार वापरली, की स्प्रिंग दहा-बारा टक्क्यांनी सैल निघते, कारण त्या धातूचा ताठरपणाच कमी असतो.

मग चांगली तार घ्यायची कशासाठी? बसू नये आणि तुटू नये म्हणून.

हूकच्या काळात अशी तार मिळणेच मुश्कील होते. त्या वेळचे पोलाद लोखंडाच्या पट्ट्या कोळशात दिवसचे दिवस तापवून होई. त्यात कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, मध्ये मळीच्या रेघा. एकाच पट्टीची एक बाजू चिवट, दुसरी ठिसूळ. दख्खनमधल्या कारागिरांच्या मुशीतल्या पोलादाची ख्याती होती, पण ते तलवारींसाठी. युरोपात या अडचणीला वैतागलेला माणूसही घड्याळजीच होता. डॉनकास्टरचा बेंजामिन हंट्समन याने घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी एकजिनसी पोलाद हवे म्हणून १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. म्हणजे हूकजवळ नियम होता, पण तो पेलणारा धातू यायला त्याच्या मृत्यूनंतर चार दशके जावी लागली. समुद्रावर वेळ राखणारे घड्याळ जॉन हॅरिसनने केले, तेही १७५९ मध्ये.

आजची स्प्रिंगची तार कशी होते हे सोनाराचे काम पाहिलेल्याला लगेच कळेल. सोनार जंतराच्या एकाहून एक लहान भोकांतून तार ओढतो. ओढता ओढता ती कडक होते आणि तुटू लागते, म्हणून तो मध्येमध्ये तापवून मऊ करतो. स्प्रिंगची तार ओढणाऱ्याला नेमका तोच कडकपणा हवा असतो. त्यासाठी आधी तार ९०० अंशांच्या वर तापवून वितळलेल्या शिशाच्या सुमारे ५०० अंशांच्या कुंडातून नेतात. त्याने पोलादाची आतली रचना अत्यंत बारीक पदरांची होते आणि मग ती थंड अवस्थेत कितीही ओढली तरी झेपते. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये या रीतीचे पेटंट घेतले गेले, म्हणून कारखान्यात अजूनही तिला ‘पेटंटिंग’ असेच म्हणतात. अशा १ मिलिमीटर जाडीच्या उत्तम तारेवर तुटण्याआधी सुमारे पावणेदोनशे किलो वजन राहते. तेवढ्याच जाडीची माइल्ड स्टीलची तार पस्तीसेक किलोला तुटते. आणखी एक उफराटी गोष्ट अशी, की तार बारीक तितकी दर चौरस मिलिमीटरला ताकद जास्त. १ मिलिमीटरला ती साधारण २२०० न्यूटन असेल, तर ५ मिलिमीटरच्या तारेला १७०० च्या आसपास. त्यामुळे नुसते ‘स्प्रिंग स्टील’ लिहिलेली ऑर्डर अर्धवट असते. जाडी आणि ग्रेड दोन्ही हवे.

भारतीय मानक आयएस ४४५४ च्या पहिल्या भागात थंड ओढलेल्या तारांचे एसएल, एसएम, एसएच, डीएम, डीएच असे ग्रेड आहेत. पहिले अक्षर कामाचे. ‘एस’ म्हणजे स्थिर किंवा क्वचित हलणारा भार, ‘डी’ म्हणजे सतत मागेपुढे होणारा. दुसरे अक्षर ताकदीचे. दिवसातून दोन-चार वेळा ताणल्या जाणाऱ्या स्टँडच्या स्प्रिंगला ‘एस’ची तार पुरते. दर खड्ड्याला दबणाऱ्या स्प्रिंगला ती लावणे म्हणजे उधारी पुढे ढकलणे. कारण वारंवारच्या ताणाने धातू थकतो, आणि मर्यादेच्या बऱ्याच आत असतानाही तडकतो. रेल्वेच्या आसांवर काम करताना जर्मनीतल्या ऑगस्ट वोलरने एकोणिसाव्या शतकात हे पद्धतशीर मोजले. स्प्रिंग दबते तेव्हा तार प्रत्यक्षात पिळली जाते आणि सर्वांत जास्त ताण तिच्या पृष्ठभागावर, गुंडाळीच्या आतल्या बाजूला येतो. तिथे ओढताना पडलेला ओरखडा, गंजाचा ठिपका किंवा मळीचा कण असेल, तर तडा तिथूनच निघतो. म्हणून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगसाठी वेगळी, वरचा थर सोलून तपासलेली तार घेतात.

उष्णतेचा हिशेब वेगळा. थंड ओढलेली कार्बन तार १२० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू बसू लागते. क्रोम-सिलिकॉनची, तेलात पाणी दिलेली तार २५० अंशांच्या जवळपास तग धरते, म्हणून इंजिनात ती. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्प्रिंगा कधीकधी डब्यातच, कोणी हात न लावता तुटतात. मुलामा देताना पोलादात शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो. मुलाम्यानंतर काही तासांत त्या २०० अंशांच्या आसपास भाजून घेणे हा उपाय, आणि घाईच्या मालात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

हूकच्या घड्याळालाही उष्णतेचा जाच होताच. साध्या पोलादाची स्प्रिंग असलेले घड्याळ दर अंश तापमानवाढीला दिवसाकाठी दहा-अकरा सेकंद मागे पडते, कारण तापल्यावर स्प्रिंगचा ताठरपणा किंचित उतरतो. यावर कायमचा तोडगा म्हणून स्विस शास्त्रज्ञ शार्ल गियोम याने निकेल-क्रोमियमयुक्त पोलाद शोधले, ज्याचा ताठरपणा तापमानाने बदलत नाही. निकेल पोलादावरच्या कामासाठी त्याला १९२० चे नोबेल मिळाले. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगची तार निवडण्याला मिळालेला याहून मोठा मान नाही.

हूकचे शेवटचे दिवस सुखाचे नव्हते. १६७२ पासून लिहिलेल्या रोजनिशीत तो स्वतःच्या शरीराकडेही प्रयोग म्हणूनच पाहतो. झोप किती लागली, चक्कर कधी आली, अफूचा अर्क, नवसागर, रेचके, वांतीची औषधे यांपैकी काय घेतले आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले. एवढी औषधे पोटात घालून तो ६७ वर्षे जगला हेच नवल. गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशी वैर झाले आणि ते मिटले नाही. अखेरीस पाय सुजले, दृष्टी जवळपास गेली. ३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम कॉलेजातल्या आपल्या खोलीत तो वारला. कंजूषपणे राहणाऱ्या या माणसाच्या पेटीत हजारो पौंड सापडले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचे खात्रीशीर म्हणता येईल असे एकही चित्र आज उपलब्ध नाही.

घड्याळाच्या भांडणाला मात्र तीनशे वर्षांनी एक पुरवणी जोडली गेली. २००६ मध्ये इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या एका घरातल्या कपाटात हूकच्या हातची पाचशेहून अधिक पाने मिळाली. लिलाव सुरू होण्याआधीच रॉयल सोसायटीने ती सुमारे दहा लाख पौंडांना घेतली. ओल्डेनबर्गच्या मृत्यूनंतर सोसायटीची जुनी दप्तरे हाती येताच हूकने त्यातून उतरवून घेतलेल्या नोंदी त्यात आहेत. त्यांतली एक नोंद जून १६७० मधल्या बैठकीची आहे. हायगेन्सच्या जाहिरातीआधी साडेचार वर्षे हूकने आपले घड्याळ सदस्यांना दाखवल्याचे तीत आहे.